बर्फात आणि गारठ्यात नॉर्डिक वॉकिंग : काठी, पट्टा, पाऊल, कपडे

पाऊलखूण

थंडीतल्या नॉर्डिक वॉकिंगबद्दल, म्हणजे दोन्ही हातांत खास काठ्या घेऊन चालण्याच्या व्यायामाबद्दल, बहुतेक प्रश्न कपड्यांचे असतात. पण आधी काठीचं काम नीट समजायला हवं, कारण बर्फावरच्या बऱ्याच चुका तिथून सुरू होतात. ही काठी म्हणजे टेकू नाही. ती पुढे रोवून तिच्यावर भार टाकायचा नसतो, तिरपी रोवून तिच्या जोरावर अंग पुढे रेटायचं असतं. वल्हं मागे जातं आणि होडी पुढे सरकते, तसंच.

हा व्यायाम फिनलंडमधला. क्रॉस-कंट्री स्कीइंग करणारे खेळाडू बर्फ नसलेल्या महिन्यांत सराव मोडू नये म्हणून काठ्या घेऊन चालत. १९९७ साली खास या चालण्यासाठी बनवलेली काठी तिथे बाजारात आली आणि २००० साली या प्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. फिनिश भाषेत याला 'साउवाकॅवेली' म्हणतात, म्हणजे सरळ 'काठीचाल'. मुळात बर्फ नसतानाचा व्यायाम असल्यामुळे बर्फ पडल्यावर काय बदलायचं हे वेगळं शिकावं लागतं.

काठीची लांबी: सेंटिमीटरमधली उंची गुणिले ०.६८. उंची १६५ असेल तर ११२ येतात, म्हणजे ११० ची काठी. १७२ ला ११७ येतात, तिथे ११५ ची. काठ्या साधारण ५ सेंटिमीटरच्या फरकाने मिळतात. नवशिक्यांनी, खांदा किंवा मान आखडलेल्यांनी खालचा आकडा घ्यावा. लांब काठीने खांदे कानांकडे उचलले जातात आणि मान धरते. पडताळणी सोपी आहे. बूट घालून उभं राहा, काठी शरीराजवळ सरळ उभी धरा, मूठ पकडा. कोपर काटकोनात किंवा त्याहून किंचित उघडं राहिलं की लांबी बरोबर.

बर्फात टोक खोल जातं म्हणून बरेच जण काठी वाढवतात. ते करू नका. पाऊलही खाली जातंच. मऊ बर्फात काठी पावलापेक्षा जास्त रुतत असेल तर टोकाच्या वर रुतणं अडवणारी रुंद चकती बसवा, लांबी तीच ठेवा.

हाताचं काम सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सावकाश सांगतो. उजवी टाच जमिनीला लागते त्याच क्षणी डावी काठी रोवली जाते. रोवण्याची जागा पुढच्या टाचेच्या पुढे नाही, तर पुढची टाच आणि मागच्या पायाची बोटं यांच्या मधोमध. त्या वेळी हात हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा, कोपर जवळजवळ सरळ पण ताठ नाही. टोक कायम हाताच्या मागे असतं. मग काठीच्या मुठीला जोडलेल्या, हातात अडकवायच्या पट्ट्यावर तळहाताची कड दाबत हात खाली-मागे जातो, मांडीला घासून कमरेच्या मागे निघतो. कमर ओलांडताना बोटं उघडतात. मूठ सुटते, काठी फक्त पट्ट्याला लोंबते, आणि हात पुढे येताना मूठ पुन्हा आपोआप तळव्यात येते.

बोटं उघडलीच नाहीत तर हात कमरेपाशी अडतो, रेटा अर्धा होतो आणि मनगट दुखायला लागतं.

---

पांथस्थ

उत्तम सुरुवात. दोन शंका. ट्रेकिंगच्या काठ्या आहेतच, त्या चालतील का? आणि हातपाय एका वेळी पुढे जायला लागतात, ताल चुकतो, त्याचं काय करायचं?

---

कार्बनकाठी

ट्रेकिंगच्या काठीचा पट्टा म्हणजे साधा गोफ असतो. मूठ सोडली की काठी हातापासून दूर झुलते आणि परत पकडताना चाचपडावं लागतं. नॉर्डिकचा पट्टा अर्ध्या हातमोज्यासारखा असतो. अंगठ्याला वेगळं भोक, मनगटाभोवती वेल्क्रो, डावा-उजवा वेगळा. त्यामुळेच मूठ न धरता रेटता येतं. ट्रेकिंगच्या काठीने चालणं होईल, पण पाऊलखूण यांनी सांगितलेला शेवटचा अर्धा रेटा मिळणार नाही. चढ-उताराच्या अवघड वाटेवर मात्र ट्रेकिंगचीच काठी घ्या, तिथे टेकूच हवा असतो.

तालासाठी: दोन्ही काठ्यांचे पट्टे बांधा, मुठी सोडून द्या, हात ढिले. काठ्या मागे फरफटत येऊ देत. शंभर-दोनशे पावलं नुसतं नेहमीसारखं चाला, काठ्यांकडे लक्षच नको. हातपाय आपोआप विरुद्ध जोडीने चालायला लागतात. मग काठीचं टोक जमिनीत अडकतंय हे हाताला जाणवेल. जाणवलं की पट्ट्यावर हलकासा दाब द्या, मूठ अजूनही धरू नका. तो दाब जमल्यावरच बोटं मिटायची. ताल पुन्हा चुकला तर थांबू नका, काठ्या फरफटत सोडा आणि पहिल्यापासून सुरू करा. हात मोजून-मापून हलवायला गेलं की हमखास चुकतं.

---

हिमरेषा

पट्ट्याबद्दल थंडीतली एक गोष्ट. तो नेहमी हातमोजे घालूनच बसवा. उघड्या हाताने घरात बसवलेला पट्टा बाहेर हातमोज्यावर चढत नाही, आणि ओढूनताणून चढवला तर अंगठ्याच्या बुडाशी रक्त अडतं. बोटं गार पडण्यामागे बऱ्याचदा थंडीपेक्षा आवळलेला पट्टाच असतो. हात मिटल्यावर अंगठा आणि तर्जनीमधला बेचका काठीच्या मुठीला टेकला पाहिजे, पण वेल्क्रोच्या खाली एक बोट सरकलं पाहिजे.

जाड, फुगीर हातमोज्यांवर पट्टा बसतच नाही. पातळ लोकरी किंवा फ्लीसचे हातमोजे आणि एक माप मोठा पट्टा, ही जोडी बहुतेक दिवसांना पुरते. त्याहून गारठा असेल तर काठीत अडकवायचा हुक हातमोज्यातच शिवलेला असतो, तसे मिळतात.

आणि वेल्क्रो! खरखरीत बाजूच्या आकड्यांत भुसभुशीत बर्फ बसला की तो चिकटत नाही. दर चार पावलांनी पट्टा सुटतो. बर्फात पडलेला पट्टा उचलला की लगेच बांधू नका. खरखरीत बाजू मांडीवर दोन-तीनदा झटकून घ्या, राहिलेले कण नखाने काढा, मगच बांधा. चालणं संपल्यावर पट्टे बंद करून ठेवायचे, म्हणजे आकड्यांत दोरे-केस अडकत नाहीत.

---

सरळकणा

रबरी बुटाबद्दल कोणी लिहिलं नाही. काठीच्या टोकाला डांबरी रस्त्यासाठी जो रबरी तुकडा लावतात त्याचं नाक मागच्या दिशेला असायला हवं. सुरुवातीला बरेच जण ते पुढे करून बसवतात, कारण बूट म्हटलं की नाक पुढे असंच डोक्यात असतं. उलटं बसवलं की काठी रेटताना रबराचा सपाट तळ टेकत नाही, कड टेकते, काठी घसरते आणि रबर एका बाजूने झिजतं.

बर्फ, गोठलेली माती, ओली पानं: रबर काढा. थंडीत रबर कडक होतं आणि बर्फावर त्याची पकड जवळजवळ उरत नाही. आतलं कार्बाइडचं (अतिशय कठीण धातूचं) टोक बर्फात रुततं. कोरडं डांबर, काँक्रीट: रबर लावा. नुसतं टोक डांबरावर खणखणतं, घसरतं, आणि प्रत्येक टोल्याचा हादरा कोपरापर्यंत जातो.

काढताना सरळ ओढू नका, पिळून ओढा. परत बसवताना आत बर्फ नाही ना हे बघा. आत थोडासा बर्फ राहिला तरी टोक पूर्ण बसत नाही, वाटेत तो वितळतो आणि रबर ढिलं होऊन निघून जातं. रबर हरवतं ते बहुतेक असंच. काढलेली रबरं बाहेरच्या उघड्या खिशात नकोत, चेन असलेल्या खिशात ठेवा. उबेला राहिली तर बसवायलाही मऊ पडतात. अधूनमधून रबराच्या तळाकडे बघत जा. आतलं धातूचं टोक डोकावायला लागलं की ते बदलायची वेळ झाली.

---

गुडघा_सांभाळा

नॉर्डिक वॉकिंगने गुडघ्यावरचा भार बराच कमी होतो असं सगळीकडे वाचायला मिळतं. गुडघ्याची झीज असणाऱ्यांनी हिवाळ्यात सुरू करावं का?

---

दमसास

हा दावा जरा जपून घ्या. सपाट जमिनीवर गुडघ्यावरचा भार नेमाने कमी होतो असं मोजमापांतून दिसलेलं नाही. कुठे थोडा कमी, कुठे तेवढाच. कारण उघड आहे: काठ्यांमुळे पाऊल लांब पडतं, वेग वाढतो, आणि लांब पावलाने टाच जोरात आपटते. उतारावर काठी पुढे टेकून भार घेतला तर फरक पडतो, पण ते ट्रेकिंगचं तंत्र झालं.

मग फायदा कुठे? त्याच वेगाच्या साध्या चालण्यापेक्षा नॉर्डिकला ऑक्सिजन सरासरी सुमारे २० टक्के जास्त लागतो, म्हणजे तितकी जास्त मेहनत. दंडाचा मागचा स्नायू, पाठीचे रुंद स्नायू, पोट यांना काम मिळतं. गुडघेदुखीवाल्याला हाच उपयोग: वेग न वाढवता दम लागतो. मात्र काठ्या नुसत्या हातात धरून टकटक करत चाललं तर त्या २० टक्क्यांतलं फारसं काही हाती लागत नाही. रेटा दिला तरच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: सुरू करा, पण पाऊल मुद्दाम लांब टाकू नका, आणि पहिले काही आठवडे गोठलेल्या रस्त्यावर नको. घसरताना गुडघ्याला बसणारा पीळ झीज झालेल्या सांध्याला भारी पडतो. दाबून बसलेल्या बर्फाची सपाट वाट सगळ्यात चांगली, पायाखाली थोडी मऊही लागते.

---

हिमरेषा

बर्फ म्हणजे एकच गोष्ट नाही, त्यामुळे थोडं विस्ताराने.

*ताजा, भुसभुशीत, घोट्याच्या खाली:* चकती लावा, रबर काढा. मेहनत खूप वाढते, म्हणून नेहमीच्या अंतरापेक्षा वेळ मोजा. घोट्याच्या वर गेला की ही चाल सोडा. पाय उचलून टाकावा लागतो, टाचेपासून बोटांपर्यंत पाऊल क्रमाने टेकवता येत नाही.

*दाबून घट्ट झालेला:* नॉर्डिकसाठी उत्तम. टोक करकरत रुततं, रेटा पूर्ण मिळतो.

*वरून कवच, खाली मऊ:* कवच फुटून टोक अचानक आत जातं. कोपर आणि खांद्याला झटका बसतो. इथे मोठी चकती हवीच आणि रेटा हलका.

*दिवसा वितळून रात्री गोठलेला:* सगळ्यात धोक्याचा. वर पाण्याचा पातळ थर असेल तर अजून निसरडा. पुलांवर आधी गोठतं, कारण तिथे थंड हवा वरून आणि खालूनही लागते. सावलीतले कोपरे, पाणी ठिबकणाऱ्या पन्हळीखालची जागा यांवर नजर ठेवा. डांबरावरचा बर्फाचा पारदर्शक पापुद्रा नुसता ओला रस्ता वाटतो. थंडी शून्याच्या खाली आहे आणि रस्ता चकाकतोय, तर तो ओला नाही, गोठलेला आहे असंच धरून चाला.

अशा बर्फावर तंत्र बदलायचं. पाऊल आखूड, तळवा सपाट टाकायचा, अंगाचा भार पुढच्या पावलावर. काठ्या नेहमीपेक्षा उभ्या आणि अंगापासून थोड्या रुंद. काठी फार तिरपी पडली की जोर बर्फात उतरण्याऐवजी बर्फावरून मागे निसटतो, आणि ज्या हाताने रेटत होतात तोच हात रिकामा जातो. उभी काठी टोचते, तिरपी सरकते. रेट्याची हौस तेवढ्या वाटेपुरती बाजूला ठेवा.

बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे ठेवा जवळ. पण गुळगुळीत फरशीवर, दगडी पायऱ्यांवर ते खिळे बर्फापेक्षा जास्त घसरतात. इमारतीच्या दारातच काढायचे.

---

पांथस्थ

घसरून पडायची वेळ आलीच तर काठ्या हाताला बांधलेल्या असणं धोक्याचं नाही का?

---

दमसास

रास्त प्रश्न. नॉर्डिक वॉकिंगमधली सगळ्यात ठराविक दुखापत अंगठ्याचीच आहे. पडताना हात जमिनीवर आपटतो, तळव्यात काठीची मूठ असते, आणि ती अंगठ्याला बाहेर ढकलते. अंगठ्याच्या बुडाचा, तर्जनीकडच्या बाजूचा अस्थिबंध ताणतो किंवा तुटतो. स्कीइंग करणाऱ्यांमध्ये हीच दुखापत इतकी होते की ती त्यांच्याच नावाने ओळखतात.

म्हणून दोन सवयी. एक, मूठ आवळून चालायचं नाही. बोटं सैल असली तर पडताना मूठ आपोआप सुटते. दुसरी, गोठलेला उतार समोर आला की पट्ट्यातून हात काढा, किंवा खटक्याने सुटणारा पट्टा असेल तर काठी मोकळी करून नुसती हातात धरा. त्या उतारावर तुम्हाला रेट्याची गरजच नसते.

पडल्यावर अंगठ्याच्या बुडाशी सूज असेल, चिमटीत काही पकडताना जोर येत नसेल, तर 'मुरगळला असेल' म्हणून आठवडा घालवू नका. पूर्ण तुटलेला अस्थिबंध उशिरा दाखवला तर चिमटीची ताकद कायमची कमी राहू शकते.

---

सरळकणा

कपड्यांचा विषय. तीन थर सगळ्यांना माहीत आहेत, चूक प्रमाणात होते. नॉर्डिकमध्ये हात आणि पाठ काम करत असल्याने साध्या चालण्यापेक्षा लवकर ऊब येते. दारातून बाहेर पडल्यावर पहिली पाच-सात मिनिटं थोडं गार वाटलं पाहिजे. दारातच ऊबदार वाटलं तर पंधराव्या मिनिटाला पाठ घामाने भिजणार.

आतला थर मेरिनो लोकरीचा किंवा घाम वाहून नेणाऱ्या कृत्रिम धाग्याचा. सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि चालणं थांबलं की तेच ओलं कापड अंगाची ऊब ओढून घेतं. मधला थर पातळ फ्लीस. बाहेरचा वारा अडवणारा, पण बगलेत किंवा पाठीवर हवा जायला वाट असलेला. पावसाचं संपूर्ण बंद जॅकेट आतून ओलं होतं. कान झाकणारी पट्टी टोपीपेक्षा बरी पडते, डोक्याची वाफ वरून जाते. मोजे जाड असले तर बूट अर्धा क्रमांक मोठा घ्या. घट्ट बुटात जाड मोजा घालून पाय आणखी गार पडतो, कारण बोटांना हलायला जागा राहत नाही.

वाऱ्याचा हिशेब: जाताना वाऱ्याच्या तोंडी, येताना पाठीवर वारा. उलटं केलं तर घामेजलेल्या अंगाने परतीला समोरचा वारा घ्यावा लागतो. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं जाणवतं. जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी घरात व्यायाम करा.

---

दमसास

वरच्याला जोडून, श्वास आणि हृदय.

थंड हवा कोरडी असते. दमा असलेल्यांच्या श्वासनलिका तिने आकसतात. नाकातोंडावर पातळ गळपट्टा घ्या, म्हणजे सोडलेल्या श्वासातली ऊब आणि ओल पुढच्या श्वासाला मिळते. डॉक्टरांनी व्यायामाआधीचा इनहेलर दिला असेल तर त्यांनी सांगितल्या वेळी, सहसा १०-१५ मिनिटं आधी. बाहेर पडून धाप लागल्यावर नाही.

गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून घरातच पाच मिनिटं खांदे फिरवणं, जागच्या जागी चालणं, टाचा उचलणं करा, आणि बाहेरची पहिली दहा मिनिटं काठ्या हलक्या ठेवा. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर हिवाळ्यात सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ आली तर 'घरी पोचू आणि बघू' नाही, तिथेच थांबायचं आणि मदत बोलवायची.

वेग किती? सलग वाक्य बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची किमान शिफारस आहे. सुरुवात २० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत ४५-५० पर्यंत न्या. दंडाचा मागचा स्नायू दुखला तर रेटा बरोबर बसतोय. मान किंवा खांद्याचा वरचा भाग दुखला तर काठी लांब आहे नाहीतर मूठ आवळलेली आहे.

थंडीत तहान कमी लागते, पण श्वासावाटे आणि घामातून पाणी जातच असतं. तासाभराच्या चालण्याआधी आणि नंतर पाणी प्या, तहानेवर विसंबू नका.

---

पांथस्थ

गाल किंवा बोटं पांढरी पडली तर चोळायची का?

---

हिमरेषा

नाही! चोळायचं नाही, आणि बर्फाने तर अजिबात नाही. पांढरा, बधिर ठिपका म्हणजे त्वचा गोठायची पहिली पायरी. गालावर उघडा, कोरडा तळवा नुसता दाबून धरा. बोटं स्वतःच्या काखेत घाला. वाऱ्याच्या आड व्हा. रंग आणि मुंग्या परत आल्या की घरी वळा.

कातडी कडक लागत असेल, फोड येत असतील तर ते पुढचं प्रकरण आहे, वैद्यकीय मदत लागते. ऊब द्यायची ती ३७ ते ३९ अंश पाण्यात, आणि तीही पुन्हा गोठायचा धोका नसेल तरच. शेगडी, हीटर, गरम पाण्याची पिशवी नको, कारण बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही.

ऊन असेल तर गॉगल आणि सनस्क्रीन. ताजा बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणजे हनुवटी आणि नाकाच्या खालची बाजूही भाजते.

---

कार्बनकाठी

काठीची निगा. अखंड की लहान-मोठी करता येणारी, यावर माझं मत स्पष्ट आहे: नेहमीची वाट आणि एकच चालणारा असेल तर अखंड घ्या. हलकी, खडखड नाही, आणि ऐन थंडीत कुलूप दगा देण्याचा प्रश्नच नाही.

जोडाची काठी असेल तर: पिळून घट्ट करायचं कुलूप थंडीत सरकतं ते आत ओल गेल्यामुळे. ती गोठते, आतला फुगणारा तुकडा नळीवर पकड घेत नाही, आणि नेमकी जोराच्या रेट्याला काठी आत सरकून आखूड होते. घरी आल्यावर भाग पूर्ण वेगळे करा, फडक्याने पुसा, रात्रभर वेगळेच वाळू द्या. तेल, ग्रीस काही घालू नका, कुलूप घर्षणावरच चालतं. नळीवरच्या कमाल खुणेच्या पुढे कधी ओढू नका. बाहेरच्या खटक्याची कुलपं थंडीत बरी, हातमोजे न काढता घट्ट करता येतात.

काठ्या हीटरला टेकवून वाळवू नका. बऱ्याच काठ्यांचं टोक गोंदाने चिकटवलेलं असतं. तो उष्णतेने सैल होतो आणि पुढच्या वेळी टोक बर्फात राहून नुसती नळी वर येते.

कार्बनची काठी सरळ दाबाला दणकट, आडव्या फटक्याला नाजूक. टोक लाकडी फळ्यांच्या फटीत, जाळीत किंवा दगडांत अडकलं आणि तुम्ही चालत राहिलात तर ती मोडते. अडकलं की हात सोडा, मागे फिरून काढा. नळीवर खोल ओरखडा दिसला तर तिच्यावर भार टाकू नका, चीर तिथूनच जाते. ॲल्युमिनियमची वाकते, पण घरी पोचवते. कॉर्कची मूठ प्लॅस्टिकपेक्षा कमी गार लागते, हे थंडीत खरंच कामाला येतं.

---

सरळकणा

एक विनंती सगळ्यांना. स्कीइंगसाठी आखून दाबलेल्या पट्ट्यांवर पायी चालू नका. बुटांचे आणि काठ्यांचे खड्डे रात्रीत गोठतात आणि सकाळी तिथून वेगात येणाऱ्याची स्की अडकते. पायवाट वेगळी असेल तीच घ्या, नसेल तर अगदी कडेने.

अंधार लवकर पडतो, तर कपाळावर दिवा आणि दोन्ही हात-पायांना चमकपट्ट्या. हलणारी चमक चालकाला आधी दिसते. फोन आतल्या खिशात अंगालगत ठेवा, थंडीत बॅटरी चटकन मान टाकते.

---

पांथस्थ

शेवटचं विचारतो. शिकवणारं कोणी सोबत नसेल तर आपलं बरोबर चाललंय की नाही हे कसं कळणार? आरशात तर बघता येत नाही.

---

पाऊलखूण

बर्फात कळतं. उलट बर्फाइतकं स्पष्ट कुठेच कळत नाही. दाबलेल्या वाटेवर ताज्या बर्फाचा बोटभर थर असेल तेव्हा पन्नास पावलं मनासारखी चाला, मग थांबा आणि मागे वळून ठसे वाचा.

डाव्या काठीचं भोक डाव्या पायाच्या ठशाच्या पुढे, पण त्यानंतर पडलेल्या उजव्या टाचेच्या मागे असायला हवं. ते उजव्या टाचेच्या बरोबरीला किंवा पुढे असेल तर काठी पुढे रोवली जातेय. हात पुढे लांब जातोय किंवा कोपर फार वाकतंय.

भोकाचा आकार बघा. गोल, स्वच्छ भोक म्हणजे काठी उभी पडली, टेकली आणि उचलली. भोक लांबट आणि त्याच्या मागच्या कडेला बर्फाचा बारीक ढीग सरकलेला, तर तुम्ही रेटलंय. हेच हवंय. भोकाच्या आधी लांब ओरखडा ओढलेला असेल तर काठी पुढे आणताना टोक घासतंय. मूठ हातात वेळेवर आलेली नाही किंवा पट्टा ढिला आहे.

मग डावी-उजवी जुळवा. एका बाजूची भोकं खोल आणि दुसरीकडची उथळ असतील तर एक हात काम करतोय आणि दुसरा नुसता सोबत येतोय. बहुतेकांचा नेहमीच्या कामाचा हात जोर घेतो. दोन्ही भोकांच्या रांगा पावलांच्या रांगेला समांतर असाव्यात. त्या मागे-मागे आतल्या बाजूला वळत असतील तर काठ्या पाठीमागे एकमेकींकडे जातात, आणि पुढेमागे कधीतरी त्यात तुमचाच पाय अडकेल. यावर उपाय म्हणजे पुढची पन्नास पावलं अंगठे सरळ पुढे रोखून चाला, परत थांबा, परत ठसे बघा. एका वेळी एकच दोष घ्या, सगळे एकदम सुधारायला गेलं की ताल बिघडतो.